ॲसटीगला जायचंय? आधी टोक ठरवा

ॲसटीगची आखणी करताना बहुतेक लोक आधी तारीख धरतात. आम्ही आधी टोक धरतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे बेट 37 मैल लांब आहे. वरचा मोठा भाग मेरीलँडमध्ये, खालचा व्हर्जिनियात. दोन्ही टोकांना मुख्य भूमीकडून गाडीने जाता येतं, पण बेटावरून या टोकाहून त्या टोकाला नेणारा रस्ता नाही. सकाळी वरच्या टोकाला समुद्रस्नान आणि दुपारी खालच्या टोकाला दीपगृह, असा बेत नकाशावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात पूल ओलांडून परत मुख्य भूमीवर यायचं, महामार्गाने खाली जायचं आणि पुन्हा बेटावर शिरायचं. त्यात तासाहून जास्त वेळ जातो. फोनच्या नकाशात नुसतं बेटाचं नाव टाकू नका. मेरीलँडकडे जायचं तर बर्लिन गावाजवळून रूट 611 च्या शेवटापर्यंत. व्हर्जिनियाकडे जायचं तर यूएस 13 वरून रूट 175 धरून शिंकोटीग गावातून. दोन मित्रकुटुंबं दोन वेगळ्या गाड्यांनी येणार असतील तर हे रस्त्यांचे आकडे आधी एकमेकांना लिहून पाठवावेत.

टोकाचा प्रश्न दुसऱ्या एका कारणानेही आधी सोडवावा लागतो. बेटाची राखण तीन खाती करतात आणि तिघांचे नियम वेगळे आहेत. मेरीलँडमध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेचा नॅशनल सीशोअर, म्हणजे राखीव समुद्रकिनारा, आहे, त्याला लागूनच समुद्राकाठची दोन मैलांची पट्टी राज्याच्या स्टेट पार्ककडे आहे. व्हर्जिनियाचा बहुतेक भाग शिंकोटीग राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात मोडतो. हे अभयारण्य 1943 साली मुख्यतः स्थलांतर करणाऱ्या हिमहंसांसाठी राखलं गेलं. तंबू ठोकून राहायचं असेल तर मेरीलँड, कारण व्हर्जिनियाच्या बाजूला मुक्काम करताच येत नाही. कुत्रा बरोबर असेल तरीही मेरीलँड: तिथे सहा फुटी दोरीवर कुत्रा चालतो (स्टेट पार्कच्या काही भागात, जीवरक्षकांच्या किनाऱ्यावर आणि बेटाच्या उत्तर टोकावर नाही), तर व्हर्जिनियाच्या बाजूला तो बंद गाडीतसुद्धा चालत नाही. पक्षी बघायचे, सायकल चालवायची, दीपगृह बघायचं आणि रात्री गावातल्या हॉटेलात झोपायचं असेल तर व्हर्जिनिया. भारतातून आलेले आईवडील बरोबर असतील तर आम्ही बहुधा व्हर्जिनियाचंच टोक सुचवतो. गाव जवळ, जेवणाची सोय जवळ, आणि संध्याकाळी वाइल्डलाइफ लूपवर गाडीत बसून बगळे, हरणं बघता येतात. सव्वातीन मैलांचा हा फेरा दुपारी तीननंतरच गाड्यांना खुला होतो. त्याआधी तो पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा. या वेळेची चूक फार जण करतात.

वेळेचीच आणखी एक गोष्ट. मेरीलँडचा राष्ट्रीय भाग दिवसरात्र उघडा असतो. व्हर्जिनियाचं फाटक ऋतूप्रमाणे बंद होतं: मे ते सप्टेंबर पहाटे 5 ते रात्री 10, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी 6 ते रात्री 8, नोव्हेंबर ते मार्च सकाळी 6 ते संध्याकाळी 6. कोकणातून आलेल्या माणसाने इथे एक सवय उलटी करायची असते. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, इथे तो समुद्रातून वर येतो. सूर्योदय किनाऱ्यावर आणि सूर्यास्त बेटाच्या मागच्या बाजूला, उथळ खाडीवर. पहाटेची हौस असेल तर मुक्काम बेटावर किंवा अगदी लगत हवा.

आता हे बेट असं जपून का ठेवलंय ते सांगायला हवं, कारण त्यावाचून इथले नियम नुसते जाचक वाटतात. ॲसटीग हे बॅरियर बेट आहे, म्हणजे किनाऱ्यासमोर आडवी पडलेली वाळूची पट्टी. खाली कातळ नाही. वादळाच्या लाटा समुद्राकडची वाळू उचलून बेटावरून पलीकडे खाडीच्या बाजूला टाकतात आणि बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकत राहतं. ऑगस्ट 1933 च्या चक्रीवादळाने उत्तरेला ओशन सिटी गावाजवळ ही पट्टी तोडली आणि समुद्रातून खाडीत जाणारी नवी वाट पडली. ती वाट बोटींना सोयीची म्हणून दगडी धक्के बांधून कायम केली गेली. किनाऱ्यालगत उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी वाळू त्या धक्क्यांना अडली, त्यामुळे ॲसटीगचं उत्तर टोक वाळूला महाग झालं आणि झपाट्याने पश्चिमेला सरकलं. आज त्या टोकासाठी दरवर्षी वाटेतली वाळू उपसून किनाऱ्याजवळच्या पाण्यात टाकावी लागते. हे काम 2004 पासून चालू आहे.

दुसरी तारीख मार्च 1962 ची. तेव्हा बेटावर बंगल्यांचे हजारो प्लॉट विकले गेले होते, बाल्टिमोर बुलेव्हार्ड नावाचा डांबरी रस्ता झाला होता. मग अटलांटिकवर एक वादळ पाच भरत्या होईपर्यंत ठाण मांडून बसलं. समुद्र बेटावरून वाहिला, रस्ता आणि बहुतेक घरं गेली. तीन वर्षांनी, 21 सप्टेंबर 1965 रोजी, हा नॅशनल सीशोअर झाला. मेरीलँडच्या बाजूला ‘लाइफ ऑफ द ड्यून्स’ नावाची पायवाट आहे, तिथे त्या रस्त्याचे डांबरी तुकडे वाळूतून डोकावताना दिसतात. मुलांना घेऊन गेलात तर पहिल्याच दिवशी ही पायवाट करा. वाळूच्या टेकडीवरचं गवत का तुडवायचं नाही, हे तिथे फार बोलावं लागत नाही. त्या गवताची मुळं वाळू धरून ठेवतात. पाच-पंचवीस माणसं एकाच जागेवरून चढली की गवत मरतं, तिथे खाच पडते, आणि पुढच्या वादळात पाणी त्याच खाचेतून आत येतं. म्हणून समुद्राकडे जायचं ते बांधलेल्या वाटेनेच, वाट दोनशे फूट लांब पडली तरी.

टोक ठरलं की मग महिना. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी उबदार असतं, जीवरक्षक असतात, आणि गर्दी आणि डास हेही भरपूर असतात. आमच्या मते अमेरिकेतल्या कामगार दिनानंतरचा (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सप्टेंबर सगळ्यात चांगला: पाणी अजून उबदार, गाड्या कमी. ऑक्टोबरमध्ये मोनार्क फुलपाखरं आणि बहिरी ससाणे दक्षिणेकडे जाताना दिसतात, पण रात्री थंडी वाजते. एप्रिल-मे पक्ष्यांसाठी उत्तम, पोहण्यासाठी नाही. पाणी इतकं गार असतं की धडधाकट माणसाचाही श्वास अडकतो. नोव्हेंबरनंतर व्हर्जिनियाच्या तळ्यांवर हिमहंस उतरतात, तेव्हा जाडजूड जाकीट आणि दुर्बीण एवढंच सामान पुरतं. सप्टेंबरची एकच अडचण म्हणजे वादळं. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. वादळ शंभर मैल दूरून गेलं तरी लाटा उसळतात, किनारा बंद होतो, कधी पूर्ण बेट रिकामं करतात. म्हणून सप्टेंबरचा बेत करताना पैसे परत न मिळणारं हॉटेल घेऊ नका आणि निघण्याआधी चार दिवस रोज हवामान बघा.

डासांचं मात्र सविस्तर सांगतो, कारण सहली मोडतात त्या पावसाने नव्हे, डासांनी. मेच्या मध्यापासून पहिल्या चांगल्या थंडीपर्यंत ते असतात. खाऱ्या दलदलीतला डास ओल्या चिखलावर अंडी घालतो. मोठी भरती किंवा जोराचा पाऊस येऊन तिथे पाणी साचलं की ती अंडी एकदम फुटतात आणि साधारण आठवड्याने डासांची धाड येते. म्हणून नुसता मोसम बघून पुरत नाही, गेल्या दहा दिवसांत तिथे पाऊस किती झाला तेही बघा. वारा कुठून येतोय याला तितकंच महत्त्व आहे. समुद्रावरून वारा असला की किनारा मोकळा राहतो. वारा पश्चिमेचा झाला की दलदलीतले डास आणि चावऱ्या माश्या थेट वाळूवर येतात. हिरव्या डोळ्यांची माशी तर कपड्यावरूनही चावते. बेटावरचे रानटी घोडेसुद्धा अशा वेळी समुद्राच्या काठावर येऊन वाऱ्यात उभे राहतात. उघड्या अंगाला 20 ते 30 टक्के डीईईटी किंवा 20 टक्के पिकारिडिन असलेलं, डास दूर ठेवणारं औषध लावा. परमेथ्रिन हे कीटकनाशक फक्त कपड्यांना, बुटांना, तंबूला. तेही आदल्या दिवशी मोकळ्या हवेत फवारून पूर्ण वाळवून. अंगाला नाही. फिक्या रंगाची लांब बाह्यांची सुती कपडे आणि लांब पँट भर उन्हाळ्यातही बॅगेत हवीच. ‘लाइफ ऑफ द मार्श’ ही फळ्यांची पायवाट म्हाताऱ्या माणसांना सोयीची आहे, पण जुलैत ती भर उन्हात, वारा असताना करा. संध्याकाळी तिथे उभं राहवत नाही.

मुक्कामाचं आरक्षण हा पुढचा टप्पा आणि इथे दोन दरवाजे आहेत. राष्ट्रीय भागातल्या जागा 15 मार्च ते 15 नोव्हेंबर या काळासाठी केंद्र सरकारच्या आरक्षण संकेतस्थळावर सहा महिने आधी खुल्या होतात. शनिवारची समुद्राकडची जागा हवी तर ती खुली होते त्या दिवशी सकाळी, ईस्टर्न वेळेप्रमाणे दहाला, लॉग इन करून, गाडीचा आणि कार्डाचा तपशील आधीच भरून तयार बसायला लागतं. मिनिटांचा खेळ असतो. स्टेट पार्कचं आरक्षण वेगळ्या संकेतस्थळावर, वर्षभर आधी. तिथे सुमारे साडेतीनशे जागा आहेत, गरम पाण्याची आंघोळ आहे. राष्ट्रीय भागात साधी संडासं, थंड पाण्याचे फवारे आणि पिण्याच्या पाण्याचे नळ, एवढंच. वीज नाही. एका जागेवर सहा माणसं. लहान मुलं आणि आजीआजोबा असतील तर स्टेट पार्क, मोकळीक हवी असेल तर राष्ट्रीय भाग, असा आमचा सरळ हिशेब आहे. जागा मिळाली नाही तर निराश होऊन सोडून देऊ नका. आठवड्याच्या मध्यात आणि आधीच्या दोन-तीन दिवसांत रद्द झालेल्या जागा परत दिसायला लागतात. रविवार ते मंगळवार मोकळे ठेवता आले तर काम फार सोपं होतं.

राष्ट्रीय भागातही समुद्राकडची जागा आणि खाडीकडची जागा यात निवड असते. समुद्राकडे सावली मुळीच नाही, पण वारा आहे, म्हणून डास कमी. खाडीकडे थोडी झाडं, छोट्या नावा पाण्यात सोडायला सोपं, आणि डास जास्त. समुद्राकडच्या काही जागा नुसत्या तंबूंच्या आहेत. गाडी उभी करून सामान वाळूतून शंभर ते दोनशे फूट न्यायचं. हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. कोरड्या वाळूत पाण्याचे कॅन आणि कूलर घेऊन सहा फेऱ्या झाल्या की कळतो. रुंद चाकांची गाडी घ्या; अरुंद चाकांची ट्रॉली वाळूत रुतते आणि उलट तिलाच उचलावं लागतं. आईवडिलांसाठी मेरीलँडच्या पर्यटक केंद्रात किनाऱ्यावर चालणारी चाकाची खुर्ची मिळते. ती आधी फोन करून विचारावी.

पासांचा गोंधळ बराच होतो. राष्ट्रीय भागात सध्या गाडीमागे 25 डॉलर, ते सात दिवस चालतात. वर्षाचा ॲसटीगचा पास 45. हा पास दोन्ही राज्यांतल्या प्रवेशांवर चालतो आणि राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पासही चालतो. स्टेट पार्कच्या फाटकावर मात्र यातलं काहीच चालत नाही, तिथे वेगळे पैसे. 62 वर्षांवरच्यांचा सवलतीचा पास फक्त अमेरिकन नागरिक आणि कायम रहिवाशांना मिळतो. भेटीला आलेल्या आईबाबांच्या नावाने तो काढता येत नाही. पण प्रवेशाचे पैसे माणशी नसून गाडीमागे असल्याने त्यांच्यासाठी वेगळं काही द्यावंही लागत नाही. पाच-सहा कुटुंबं मिळून निघालात तर मोठ्या गाड्या दोनच न्या.

रस्ता. वॉशिंग्टन किंवा बाल्टिमोरकडून येणाऱ्याला चेसापीक बे ब्रिज ओलांडावा लागतो. उन्हाळ्यातल्या शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी सकाळी पूर्वेकडे जाताना तिथे तासन्‌तास गाड्या तुंबतात. सकाळी सातच्या आत पूल मागे टाका, नाहीतर रात्री नऊनंतर निघा. टोल पूर्वेकडे जातानाच आहे आणि रोख घेत नाहीत. न्यू जर्सी किंवा फिलाडेल्फियाकडच्यांना या पुलाची गरज नाही. डेलावेअरमधून रूट 1, मग 113 ने बर्लिनपर्यंत आणि तिथून 376 व 611. बर्फ, पाणी, गॅस हे सगळं बर्लिनच्या आसपास घेऊन टाका, बेटावर दुकानाचा भरवसा धरू नका. चुलीसाठी लाकूड घरून आणू नका. लाकडातून झाडांना पोखरणारे किडे एका भागातून दुसऱ्या भागात जातात, म्हणून ते तिथेच जवळपास विकत घ्यायचं. मेरीलँडचं पर्यटक केंद्र बेटावर जाणाऱ्या पुलाच्या अलीकडे आहे. पूल ओलांडण्याआधी तिथे थांबून तीन गोष्टी विचाराव्यात: आज किनाऱ्याचा कुठला भाग बंद आहे, समुद्र कसा आहे, डास किती आहेत. तिथे मुलांसाठी मत्स्यालयही आहे. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी सकाळी उशिरापर्यंत गाडीतळ भरतो आणि मग पुलावर रांग लागते, त्यामुळे एका दिवसासाठी आलेल्यांनी नऊच्या आत पोचावं.

तंबू. वाळूत नेहमीच्या बारीक सहा इंची खुंट्या धरत नाहीत. रात्री वारा उठला की तंबू गोळा होतो. फूट-दीड फूट लांब, रुंद पात्याच्या वाळूच्या खुंट्या हव्यात. नसतील तर मजबूत पिशवीत वाळू भरून, दोर बांधून ती दीड-दोन फूट पुरावी. ही जुनी युक्ती पक्की आहे. तंबूचं दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. उंच, सरळ भिंतींचे मोठे कौटुंबिक तंबू समुद्राकडे टिकत नाहीत. बुटका, घुमटाकार तंबू बरा. बारीक वाळू जाळीतून आत येते म्हणून पांघरुणं दिवसा पिशवीतच ठेवावीत. शेगडीला वाऱ्याची आड लागते. तरीही पहिल्या रात्री रांधायचं नाही असंच आम्ही ठरवून जातो. दशम्या, चटणी, उकडलेले बटाटे, चिवडा. तंबू उभा करण्यातच उजेड संपतो.

आणि हे सगळं खाणं गाडीत, गाडी कुलूपबंद. बेटावरच्या रानटी घोड्यांना माणसाच्या अन्नाचा वास कळतो आणि कूलर उघडणंही जमतं. घोडे दोन कळपांत आहेत. राज्यांच्या सीमेवरच्या कुंपणाने ते वेगळे ठेवलेले आहेत. मेरीलँडचा कळप उद्यान सेवेचा, 80 ते 100 च्या आसपास ठेवायचा म्हणून 1994 पासून घोड्यांच्या माद्यांना गर्भनिरोधक लस देतात. व्हर्जिनियाचा कळप शिंकोटीगच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचा, त्यात जास्तीत जास्त 150 मोठी जनावरं. दिसायला ते पोट सुटलेले वाटतात. ते पोट चरबीचं नसतं. खाऱ्या दलदलीतलं गवत खाल्ल्याने त्यांना खूप पाणी प्यावं लागतं, त्यामुळे ते फुगतात. त्यांच्यापासून किमान 40 फूट, म्हणजे एका बसच्या लांबीइतकं, दूर राहायचं. घोडाच जवळ आला तर आपण मागे सरायचं. इतकं शांत जनावर पुढ्यात उभं राहिल्यावर मुलांचा हात नकळत पुढे होतो, त्यामुळे हे घरीच, निघण्याआधी सांगून ठेवा. ते लाथ मारतात आणि चावतात. त्याहून मोठं नुकसान घोड्याचं होतं. एकदा पोळीचा तुकडा मिळालेला घोडा तंबू आणि गाड्यांकडे येऊ लागतो, रस्त्यात उभा राहतो आणि गाडीखाली सापडतो. खाण्यासाठी माणसांच्या अंगावर जाऊ लागलेल्या एका घोड्याला 2022 मध्ये हे बेट कायमचं सोडून टेक्सासला पाठवावं लागलं. जेवताना घोडा आला तर ताट उचलून गाडीत बसायचं, बस.

जुलैच्या शेवटच्या बुधवारी व्हर्जिनियाचा कळप पोहत शिंकोटीगला आणतात आणि दुसऱ्या दिवशी शिंगरांचा लिलाव होतो. हे 1925 पासून अग्निशमन दल चालवतं. बघायला जायचं तर पहाटे अंधारात जाऊन चिखलात पाच-सहा तास उभं राहण्याची तयारी हवी. वेळ भरती-ओहोटीच्या मधल्या स्थिर पाण्यावर ठरते आणि प्रत्यक्ष पोहणं काही मिनिटांचं. त्या आठवड्यात गावात खोली मिळणं जवळपास अशक्य असतं. बेट बघायचं असेल तर तो आठवडा टाळा.

समुद्राबद्दल कोकणातल्या अंदाजावर विसंबू नका. आपल्याकडे ओहोटीला पुळण लांबवर उघडी पडते. इथे भरती-ओहोटीतला फरक साधारण तीन ते चार फूट आणि किनारा उताराचा, त्यामुळे लाट काठावरच आपटते. गुडघाभर पाण्यात पाठमोरं उभं राहिलेल्या माणसाला ती उचलून डोक्यावर पाडते. मानेच्या दुखापती अशाच होतात. समुद्राला पाठ दाखवायची नाही. रिप करंट म्हणजे पाण्याची आत नेणारी ओढ. लाटांच्या रांगेत मध्येच लाट न फुटणारा, गढूळ दिसणारा पट्टा असेल तर तिथे उतरू नका. ओढीत सापडलात तर तिच्याविरुद्ध झगडू नका, तरंगत राहा आणि किनाऱ्याला समांतर बाजूला निघा. जीवरक्षक साधारण मेच्या अखेरीपासून कामगार दिनापर्यंत आणि ठराविक पट्ट्यातच असतात. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी त्या पट्ट्याबाहेर पाण्यात उतरूच नये. मुलांना डुंबायला खाडी बरी: बहुतेक ठिकाणी कंबरभर पाणी, लाटा नाहीत. तळाशी शिंपल्यांच्या धारदार कडा असतात, म्हणून पायात जुने बूट. कयाक घ्यायची तर सकाळी. दुपारी वारा वाढला की परतीचं वल्हवणं दुप्पट लांबतं. दुपारच्या विजांच्या वेळी आसरा एकच, तुमची गाडी.

किनाऱ्यावर दोऱ्या आणि पाट्या लावून बंद केलेले भाग दिसतील, विशेषतः मार्च ते ऑगस्ट. ते पायपिंग प्लोव्हर या वाळूच्याच रंगाच्या लहानशा पक्ष्यासाठी. अमेरिकेत त्याला 1986 पासून कायद्याचं संरक्षण आहे. वादळाने सपाट केलेल्या उघड्या वाळूवर तो अंडी घालतो. ती अंडी दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाचा आकड्यासारखा वळलेला भाग (हूक) 15 मार्चपासून निदान 31 ऑगस्टपर्यंत बंद असतो. त्यामुळे ‘टोकापर्यंत चालत जाऊ’ हा बेत शरद ऋतूसाठी ठेवा. पतंग, ड्रोन नको. ड्रोनला तर संपूर्ण उद्यानात बंदी आहे. रिकामे शंख-शिंपले माणशी एक गॅलनपर्यंत नेता येतात, पण आत जीव आहे का ते उलटून बघा.

वाळूवर गाडी चालवण्याची परवानगी स्वतंत्र, आणि मेरीलँडमध्ये गाड्यांसाठी ठेवलेल्या पट्ट्यात एका वेळी 145 गाड्याच सोडतात. भरलं की एक बाहेर आली की एक आत. फावडं, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी, ओढायचा दोर आणि कमी दाब मोजणारं मीटर गाडीत असावंच लागतं. टायरमधली हवा 15 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवतात, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. रुतणाऱ्या बहुतेक गाड्या हवा न उतरवल्यामुळे रुततात. चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा, दाबलात तर गाडी पोटावर बसते. बाहेर आल्यावर महामार्गावर जाण्याआधी हवा परत भरायची. भाड्याच्या गाडीचा करार आधी वाचा. त्यात वाळूवर नेण्याची मनाई असते.

मेरीलँडच्या राष्ट्रीय किनाऱ्यावर रात्री शेकोटी करता येते, भरतीच्या रेषेच्या खाली. विझवताना वाळू टाकू नका. वाळूखाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी येणाऱ्या पोराचा पाय त्यावर पडतो. बादलीने समुद्राचं पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, आणि हात जवळ नेऊन बघा.

निघताना चटया, तंबू वाऱ्यात झटकून घ्या. कचरा बरोबर घ्या. घरी पोचल्यावर झोपण्याआधी प्रत्येकाने अंग तपासायचं: गुडघ्यामागे, कमरेला, काखेत, कानामागे, मुलांच्या केसांत. गवतातल्या गोचिडी तिळाएवढ्या असतात आणि हरणाच्या गोचिडीतून लाइम रोग होतो. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, मीठ, काडी काही नको. प्रवासातले कपडे धुण्याआधी दहा मिनिटं ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर फिरवा. तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात ताप आला किंवा वाढत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना ती तारीख आणि बेटाचं नाव दोन्ही सांगा.